सहावी ते आठवीसाठी हवामानबदलाचे प्रयोग: घोषवाक्यं सोडून काय करता येईल?

खडूफळा | २ जून, रात्री ९:१०

शाळा जिल्हा परिषदेची, कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात नदीकाठच्या पट्ट्यात. सहावी ते आठवी मिळून चाळीस मुलं, प्रयोगशाळा नाही, वर्षाचा खर्च तीन हजारांच्या आत बसवायचा आहे. प्रभातफेरी, घोषवाक्यं, 'पृथ्वी रडते आहे' छापाची पोस्टरं नकोत. मुलांनी स्वतः काहीतरी मोजावं, वहीत आकडा यावा आणि त्या आकड्याचा हवामानबदलाशी खरोखर संबंध असावा, एवढीच अपेक्षा.

कोणते प्रयोग घ्यावेत आणि ते नेमके कुठे फसतात, हे जाणकारांनी सांगावं. व्हिडिओंमध्ये सगळीकडे दिसणारा दोन बाटल्यांचा प्रयोग (एकीत व्हिनेगर-सोडा, दुसरीत साधी हवा, वरून बल्ब) सध्या यादीत आहे. तो ठेवावा का?

साडेआठची_नोंद | २ जून, रात्री ९:४८

मॅडम, पाऊस दारात आला आहे, तेव्हा पर्जन्यमापकापासून सुरुवात करा. खर्च जवळपास शून्य. पण सगळीकडे शिकवतात तसा करू नका.

शीतपेयाची दोन लिटरची बाटली घ्या. खांद्याचा उतार संपून अंग सरळ होतं तिथे कापा. वरचा भाग टोपण काढून उलटा आत बसवा, नरसाळं तयार. कापलेली कड पॉलिशपेपरने घासा आणि बाहेरून चिकटपट्टीचे दोन वेढे द्या. कड वेडीवाकडी राहिली की पाऊस गोळा करणारं क्षेत्रफळच बदलतं.

फसतं ते पुढे. मुलं बाटलीला बाहेरून फूटपट्टी चिकटवतात आणि पाणी किती सेंटिमीटर चढलं ते वाचतात. बाटलीचं बूड पाच पाकळ्यांचं आणि मध्ये कंबर, म्हणून ती उंची म्हणजे पाऊस नव्हे. पाणी ओतून घ्या आणि मिलिलिटरमध्ये मोजा. मोजपात्र नसेल तर ५० मिलीची सुई काढलेली सिरिंज चालते. बाटलीच्या तोंडाला दोरा गुंडाळून घेर काढायचा. घेर ३४ सेंमी भरला तर व्यास साधारण १०.८ आणि क्षेत्रफळ ९१.६ चौरस सेंमी. म्हणजे १ मिमी पाऊस = ९.१६ मिली पाणी. ५५० मिली पाणी जमलं तर ६० मिमी पाऊस. वर्तुळाचं क्षेत्रफळ आयतंच शिकवून होतं, गणिताचा तास वाया गेला असं कोणी म्हणणार नाही.

जागा मोकळी हवी. भिंत किंवा झाड बाटलीच्या तोंडापेक्षा जितकं उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर. तोंड जमिनीपासून ३० सेंमी वर. वळचणीखाली नको आणि गच्चीवरही नको, तिथे वाऱ्याने थेंब बाहेरच्या बाहेर जातात. बुडाशी खडे आणि सिमेंटचा गिलावा घाला, नाहीतर पहिल्याच वळवाला बाटली शेजारच्या शेतात. बाटली रोज पूर्ण रिकामी करा, डासांच्या अळ्या नकोत.

हवामान खात्याची नोंद सकाळी ८:३० ला होते. त्या वेळी वाचलेला पाऊस हा आधीच्या २४ तासांचा, आणि तो त्याच दिवसाच्या तारखेवर लिहायचा. इथे मुलंच काय, शिक्षकही चुकतात आणि सगळी वही एका दिवसाने सरकते.

नवा_मास्तर | २ जून, रात्री १०:०५

साडेआठला शाळाच उघडलेली नसते सर. आणि रविवारचं काय?

साडेआठची_नोंद | २ जून, रात्री १०:२२

शाळेजवळ राहणारी दोन मुलं आलटून पालटून घेऊ शकतात. नाहीच जमलं तर रोज शाळा भरताना, पण वेळ एकच धरा. मग रोजचा आकडा सरकारी आकड्याशी ताडू नका, आठवड्याची बेरीज ताडा. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मंडलनिहाय पाऊस मिळतो, तोच घ्यायचा.

रविवार चुकला तर सोमवारी 'दोन दिवसांचा एकत्र' असं लिहायचं. दोनने भागून दोन्हीकडे निम्मं निम्मं भरायचं नाही. न मोजलेला आकडा वहीत घुसवायचा नाही ही सवय सहावीतच लागली तर फार बरं. बाटली लवंडली, कुत्र्याने पाडली, तरी '०' नव्हे, 'नोंद नाही'.

पाऊस मोजला की त्याला नाव द्या. २४ तासांत २.५ मिमी किंवा जास्त झाला तर तो 'पावसाचा दिवस'. ६४.५ पासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार, २०४.५ आणि वर म्हणजे अतिवृष्टीचं टोक. वर्षभरात कोणत्या गटातले किती दिवस आले याचा तक्ता भिंतीवर लावा.

हवामानबदलाशी दुवा इथेच आहे. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरू शकते. म्हणून एकूण पाऊस तेवढाच राहूनही तो कमी दिवसांत, जोरात पडण्याचा कल वाढतो. मुलांनी 'यंदा किती पडला' याच्या जोडीला 'किती दिवसांत पडला' हे विचारायला शिकायला हवं.

प्रयोगवही | २ जून, रात्री ११:१६

दोन बाटल्यांचा प्रयोग यादीतून काढा. निकाल हवा तसा येतो, पण कारण चुकीचं असतं.

व्हिनेगर-सोड्याने बाटली जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइडने भरते. हवेत तो ०.०४ टक्क्यांच्या आसपास आहे. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे बाटलीतल्या हवेचं वरखाली ढवळणं मंदावतं, उष्णता बाहेर जायला वेळ लागतो आणि तापमापक वर चढतो. त्याच बाटलीत आर्गॉन भरला तरी तापमान तसंच चढतं, आणि आर्गॉन हरितगृह वायू नाहीच! शिवाय बल्बचं अंतर एका बाटलीला सेंटिमीटरभर कमी झालं तरी निकाल पलटतो. रासायनिक क्रियेने द्रव गार होतो ते वेगळंच. आठवीतल्या एखाद्या चौकस मुलीने 'सर, बाटल्यांची जागा बदलून बघू का' विचारलं की पंचाईत.

त्याऐवजी दोन वेगळे प्रयोग करा.

पहिला, वायू ओळखण्याचा. पानाच्या टपरीवरचा खायचा चुना दोन चमचे, एक लिटर पाण्यात खळखळून हलवा, रात्रभर ठेवा, वरची निवळी हलक्या हाताने काढून घ्या. कळीचा चुना मुलांच्या हातात देऊ नका, पाणी घातल्यावर तो उकळतो. निवळीची बाटली काठोकाठ भरून घट्ट बंद ठेवा, अर्धी ठेवलीत तर वर साय धरते आणि प्रयोगाच्या दिवशी ती निकामी. मग एका ग्लासात स्ट्रॉने फुंकायचं आणि दुसऱ्यात सायकलच्या पंपाने साधी हवा सोडायची. फुंकलेली निवळी अर्ध्या मिनिटात दुधाळ होते. ओढायचं नाही, फुंकायचंच, हे तीनदा सांगा. श्वासातला कार्बन आपण खाल्लेल्या भाकरीतून आलेला, भाकरीतला यंदाच्या हवेतून. कोळसा-पेट्रोलमधला मात्र कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला. हा फरक याच तासाला सांगितला नाही तर मुलं 'मग श्वास कमी घ्यायचा का' असं विचारतातच.

दुसरा प्रयोग खास आहे. इन्फ्रारेड तापमापक, हजाराच्या आतबाहेर मिळतो, घेताना मोजमापाची कक्षा उणे ५० पासूनची बघा. कोविडच्या वेळचा कपाळावर धरायचा तापमापक शाळेच्या कपाटात असेल तर तो इथे कामाचा नाही, ३२ ते ४३ अंशांच्या बाहेर तो काही दाखवत नाही. तापमापक जमिनीवर धरा, आकडा लिहा. मग सरळ डोक्यावर, सूर्यापासून लांब, आकाशाकडे धरा. जानेवारीतल्या कोरड्या निरभ्र दिवशी आकडा शून्याच्या बराच खाली जातो. ढग आले की तोच आकडा वर येतो, जूनमधल्या दाट ढगांखाली तर जमिनीच्या बराच जवळ. आकाश आपल्याकडे उष्णता पाठवतं हे मुलांना डोळ्यांनी दिसतं. ढग असलेली रात्र उबदार का, हे आजीला माहीत असतंच, इथे त्याला आकडा मिळतो.

नवा_मास्तर | ३ जून, सकाळी ७:३०

भारीच! म्हणजे आकाशाचा आकडा म्हणजे कार्बन डायऑक्साइडची उष्णता?

प्रयोगवही | ३ जून, सकाळी ८:१२

नाही, तेवढं म्हणू नका. हे स्वस्त तापमापक साधारण ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यात बघतात आणि कार्बन डायऑक्साइडचा मुख्य पट्टा १५ च्या आसपास आहे. दिसतं ते प्रामुख्याने ढग आणि वाफ यांचं काम. 'हवेतल्या काही गोष्टी जमिनीची उष्णता अडवून परत खाली पाठवतात' एवढं हा प्रयोग सिद्ध करतो. कार्बन डायऑक्साइडही तेच करतो, फक्त वेगळ्या पट्ट्यात, हे शिक्षकांनी सांगायचं.

उपमा हवी असेल तर घोंगड्याची द्या. घोंगडं स्वतः ऊब तयार करत नाही, अंगाची ऊब जाऊ देत नाही. एकावर दुसरं टाकलं की आतलं तापमान वाढतं. 'ओझोनच्या छिद्रातून ऊन जास्त येतं म्हणून तापमान वाढतं' हा गैरसमज मुलांच्या डोक्यात घट्ट असतो आणि घोंगडं तो चांगला मोडतं. ओझोनचा विषय अतिनील किरणांचा, त्याची सरमिसळ करू नका.

आणि आलेखवहीत हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेने मोजलेल्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख मुलांकडून काढून घ्या. १९५८ साली मोजणी सुरू झाली तेव्हा दहा लाखांत सुमारे ३१५ भाग, आता ४२० च्या वर. औद्योगिक क्रांतीच्या आधी २८० च्या आसपास. आलेखात दर वर्षी करवतीसारखे दात दिसतात, उत्तर गोलार्धातल्या झाडांना पालवी फुटते तेव्हा खाली आणि पानगळीनंतर वर. मुलांना रेषेपेक्षा ते दातच जास्त आवडतात.

गवंडीकाम | ३ जून, दुपारी १:४०

नदीकाठची शाळा आहे म्हणता, तर पुराची रेघ घ्या. लेव्हल ट्यूबने.

गवंडी वापरतो ती पारदर्शक नळी, १० मीटर, आतून ८ मिमी. पाणी भरताना एक टोक बादलीत बुडवून दुसऱ्या टोकाने ओढून घ्या, वरून ओतलं तर बुडबुडे अडकतात. पाण्यात चिमूटभर कुंकू टाका म्हणजे पातळी लांबून दिसते. शाळेच्या भिंतीवर पुराचा डाग किंवा गावाने केलेली खूण असेल तिथे एक टोक, दुसरं टोक पुढच्या भिंतीवर. दोन्हीकडचं पाणी स्थिर झालं की पहिल्या टोकाची पातळी खुणेला जुळवायची आणि दुसरीकडे रेघ मारायची. असं करत अंगणवाडी, ग्रामपंचायत, विहिरीचा कठडा, ट्रान्सफॉर्मरचा ओटा इथपर्यंत जायचं.

चुका तीनच होतात. नळीत बुडबुडा राहतो (नळी उभी धरून टिचक्या मारा). एका टोकावर अंगठा तसाच राहतो, मग पातळी जुळतच नाही. आणि प्रत्येक टप्प्याला अर्ध्या सेंटिमीटरची चूक साठत जाते. म्हणून शेवटी उलट्या वाटेने परत मूळ खुणेवर यायचं. दोन सेंटिमीटरच्या आत आलात तर काम चोख.

पंचगंगाघाट | ३ जून, दुपारी ३:०५

गवंडीदादांची युक्ती झकास. त्यात एक भर आणि एक इशारा.

भर अशी. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी पावसाळ्यात सगळं कोल्हापूर बघत असतं: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. मुलांनी गावातल्या जाणत्यांना विचारून तक्ता करायचा: बंधाऱ्यावर अमुक फूट असताना आपल्या गावात पाणी कुठे होतं, कोणता रस्ता बंद झाला. बंधाऱ्यावर एक फूट वाढलं म्हणजे गावातही एक फूटच वाढतं असं नाही, नदीला उतार आहे आणि पात्राची रुंदी बदलते. म्हणून गणित करून आकडे काढू नका, गावाच्या आठवणीतून आणि खुणांतून तक्ता भरा. तारीख नसलेली आठवण वेगळ्या रकान्यात.

इशारा असा. 'पूर आला, हा बघा हवामानबदल' असं एका वाक्यात सांगू नका. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चार नद्यांचं पाणी प्रयाग चिखलीपर्यंत एकत्र येतं. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी भोगावतीत येतं. पूररेषेतली बांधकामं आहेत, भराव आहेत, खालच्या अंगाला कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा वाद आहे. वाढलेल्या तापमानाने जोरदार पाऊस जास्त जोरदार होतो हे एक कारण, आणि ते बाकीच्यांवर स्वार होतं. फळ्यावर पाच-सहा कारणं लिहून मुलांना बाण काढायला लावा: कोणतं गावाच्या हातातलं, कोणतं जिल्ह्याच्या, कोणतं जगाच्या.

पूररेषांचे नकाशेही दाखवा. निळी रेषा साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांत एकदा येणाऱ्याची. '१०० वर्षांत एकदा म्हणजे आता २१२१ पर्यंत निवांत' हा मोठ्यांचाही गैरसमज आहे. दर वर्षी शंभरात एक शक्यता, असा अर्थ. शंभर चिठ्ठ्यांत एक लाल, रोज एक काढून परत टाकायची, आणि दोन लाल चिठ्ठ्या पाठोपाठ येऊ शकतात हे खेळून बघायचं.

खडूफळा | ३ जून, रात्री ८:५०

चिठ्ठ्यांचा खेळ घेतेच. एक शंका. काही मुलांची घरं दोन्ही पुरांत पाण्यात होती. त्यांना हा विषय जड जाईल का?

पंचगंगाघाट | ३ जून, रात्री ९:१५

जाऊ शकतो. म्हणून पुराचे व्हिडिओ नकोत, 'तुझ्या घरात किती पाणी होतं' असं वर्गात उभं करून विचारणं नको. रेघा सार्वजनिक भिंतींवरच मारा. आणि रेघ मारून झाली की त्याच तासात पुढचं काम द्या: शाळेचं दप्तर, पोषण आहाराचा तांदूळ, संगणक रेघेच्या वर कसे ठेवायचे याचा आराखडा. भीतीला काम दिलं की ती आवाक्यात येते.

१९५० नंतर मोठ्या पट्ट्यावरच्या टोकाच्या पावसाच्या घटना तिपटीने वाढल्याचा पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांचा २०१७ चा अभ्यास पुष्कळ जण कोल्हापूरला चिकटवतात. तो मध्य भारताचा आहे, आपण त्या पट्ट्यात येत नाही. दाखवायचा तर तसं सांगून दाखवा.

उसाचा_फड | ४ जून, सकाळी ६:२०

कोल्हापुरात हवामान शिकवायचं आणि पाचटाचं, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याचं, नाव नाही? तोडणी सुरू झाली की धुराचे लोट मुलांना शाळेच्या खिडकीतून दिसतात राव.

प्रयोग सोपा आहे. चार बारदानं, प्रत्येकात १० किलो पाचट, चार ते सहा इंचांचे तुकडे करून. शिफारस टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन अशी आहे. म्हणजे १० किलोला ८० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि १० ग्रॅम. पहिलं पोतं नुसतं पाचट. दुसऱ्यात फक्त पाणी. तिसऱ्यात पाणी आणि शेणकाला. चौथ्यात पूर्ण शिफारस. दर आठवड्याला पोत्याच्या मध्यभागी तापमापक खुपसून तापमान, आणि महिन्यातून एकदा उंची मोजायची.

ओल किती? मूठभर घेऊन आवळायचं. बोटांच्या फटीत ओल दिसावी, पाणी ठिबकू नये. फसतं ते हमखास इथे. पाचट मेणचट असतं, वरून मारलेलं पाणी कडेने निथळून जातं आणि वरचा थर कौलासारखा आतल्याला कोरडा ठेवतो. भरण्याआधी पाचट तासभर पाण्यात बुडवून काढा. वास अमोनियाचा आला तर युरिया जास्त, कुजक्या अंड्याचा आला तर पाणी जास्त आणि हवा कमी.

आणि युरिया मुलांच्या हाताने नको, मोजून शिक्षकांनीच विरघळवायचा.

प्रयोगवही | ४ जून, सकाळी ९:३०

प्रयोग उत्तम, निष्कर्षाला थोडी वेसण घाला. 'पाचट जाळलं नाही म्हणून इतका कार्बन डायऑक्साइड वाचला' असा हिशेब मुलं करतील आणि तो चुकेल. कुजतानाही बराचसा कार्बन हवेतच जातो, आणि तो उसाने त्याच हंगामात हवेतून घेतलेला होता. खरा फायदा तीन ठिकाणी: धूर आणि काजळी टळते, जळताना निघणारे मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड टळतात, आणि काही कार्बन व नत्र जमिनीत राहतं. उलट बाजूने, युरियातूनही थोडा नायट्रस ऑक्साइड निघतो. म्हणून फडसाहेबांचं शेणकाल्याचं तिसरं पोतं महत्त्वाचं.

उसाचा_फड | ४ जून, सकाळी ९:५१

मान्य. तरी शेतकऱ्याच्या पोराला सेंद्रिय कर्बाची भाषा लवकर कळते, कार्बन क्रेडिटची नाही. कुजलेलं आणि न कुजलेलं दोन कुंड्यांत घालून प्रत्येकी अर्धा लिटर पाणी ओता, खालून किती निथळलं ते मोजा. पाणी धरून ठेवणं हेच पुढच्या उन्हाळ्यांचं शिक्षण आहे.

युनिट_मोजा | ४ जून, दुपारी १२:१०

विजेचं थोडक्यात. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, तो घ्या. जुना पंखा ७५ वॅट, कमी वीज खाणारा बीएलडीसी मोटरचा पंखा ३० च्या आसपास. ३० पंखे, रोज ६ तास, २०० दिवस: ४५ × ३० × ६ × २०० भागिले १००० = १६२० युनिट. देशातल्या विजेमागे युनिटला सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर ११०० किलोंच्या वर. गॅसच्या १४.२ किलोंच्या एका सिलिंडरमागे साधारण ४२ किलो, पेट्रोलच्या लिटरमागे २.३. मुलांना हे पचत नाही, २.३ किलो वायू पाऊण किलोच्या पेट्रोलमधून कसा? हवेतला ऑक्सिजन त्यात मिसळतो म्हणून. हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कौलारू | ४ जून, सायंकाळी ६:३५

मार्च-एप्रिलसाठी छपरांचे खोके. बुटांचे सारखे चार खोके, झाकणाऐवजी पत्र्याचा तुकडा. एक उघडा पत्रा, एक चुना मारलेला, एकावर चार इंच पाचट, एकावर ओलं बारदान. आत तापमापक पत्र्यापासून ५ सेंमी खाली, कशालाही न टेकता लटकवा. साडेअकरा ते दोन, दर १० मिनिटांनी नोंद.

तापमापकांवर आंधळा विश्वास नको. आधी चारही एकाच भांड्यातल्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा. स्वस्तातले तापमापक एकमेकांत अंश-दीड अंशाचा फरक दाखवतात. तो फरक प्रत्येकावर चिकटपट्टीने लिहून ठेवा आणि नोंदीतून वजा करा. हे केलं नाही तर चुन्याचा परिणाम मोजताय की तापमापकाचा, कळणार नाही.

चुना आदल्या रात्री भिजवा, गाळा, थोडं फेविकॉल घाला, दोन हात मारा. कोऱ्या चकचकीत पत्र्यावर चुना धरत नाही, पोपडे निघतात. जुना, गंज धरलेला पत्रा उत्तम.

प्रयोगवहींनी सांगितलेला इन्फ्रारेड तापमापक इथे फसवतो. चकचकीत पत्रा उष्णता कमी फेकतो, म्हणून हात भाजेल अशा पत्र्यावर आकडा चाळिसाच्याही खाली दिसू शकतो. पत्र्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा, दोन मिनिटं थांबा आणि पट्टीवर नेम धरा. १२:१ चा तापमापक असेल तर एक मीटरवरून तो आठ सेंटिमीटरच्या वर्तुळाची सरासरी दाखवतो, पट्टी त्याहून छोटी असेल तर जवळ जा.

आणि मुलांना खऱ्या छपरावर चढवू नका. सिमेंटचे पत्रे पाय पडताच फुटतात.

नवा_मास्तर | ४ जून, रात्री ९:०२

झाडांबद्दल कोणीच काही बोललं नाही.

साडेआठची_नोंद | ४ जून, रात्री ९:२०

मुद्दामच. शंभर रोपं लावून फोटो काढण्यात हवामान शिकवलं जात नाही. रोप वर्षभरात जो कार्बन धरतं तो नगण्य असतो. आवारातल्या पाच जुन्या झाडांची नोंद ठेवा: बहावा, पळस, जांभूळ, आंबा, सावर, जे असेल ते. आठवड्यातून एकदा, एकाच मुलाने एकच झाड, कोवळी पानं, जून पानं, कळ्या, फुलं, कच्ची फळं, पिकली फळं, यापुढे 'नाही', 'थोडी' किंवा 'भरपूर'. टक्केवारी लिहायला लावू नका, प्रत्येक मुलाची वेगळी येते. बहावा कोणत्या आठवड्यात फुलला हे दहा वर्षं लिहिलेलं असेल तर ती वही सोन्याची. एका वर्षात त्यातून काहीच सिद्ध होत नाही, हेही मुलांना सांगा. हवामान म्हणजे किमान तीस वर्षांची सरासरी.

खडूफळा | ४ जून, रात्री १०:११

सगळ्यांचे आभार. वर्ष असं लावते आहे. जून ते सप्टेंबर पाऊस, जुलैच्या आधी पुराची रेघ, तोडणी सुरू झाल्यावर पाचट, जानेवारीत आकाश, मार्चमध्ये खोके, झाडं वर्षभर. बिलाचा हिशेब दिवाळीच्या सुट्टीआधी. दोन बाटल्या बाद. विज्ञान प्रदर्शनातला थर्माकोलचा हिमनगही बाद.

केंद्रातल्या इतर शाळांनाही पर्जन्यमापक देऊन आकडे जोडता येतील का?

साडेआठची_नोंद | ४ जून, रात्री १०:४०

जरूर. आपला जिल्हा त्यासाठीच बनला आहे म्हणा! गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिमीच्या वर, आणि सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत शिरोळमध्ये पाचशेच्या आसपास. गगनबावडा, कळे, करवीर, हातकणंगले, शिरोळ अशा पाच शाळा एका रेषेत मिळाल्या तर सह्याद्री ढगांचं काय करतो हे नकाशाशिवाय कळेल. सगळ्यांची बाटली एकाच कंपनीची आणि एकाच मापाची ठेवा.

नवा_मास्तर | ४ जून, रात्री १०:५५

गगनबावड्याची शाळा मी मिळवून देतो. पण तिथे दोन लिटरची बाटली एका रात्रीत भरून वाहील की.

साडेआठची_नोंद | ४ जून, रात्री ११:०४

बरोबर. कापल्यावर त्या बाटलीत दीड लिटरही राहत नाही, म्हणजे दीडशे मिमीच्या पुढे नोंदच नाही. घाटाकडच्या शाळांना वेगळी जोडणी द्या: १० सेंमी व्यासाचं नरसाळं आणि खाली पाच लिटरचा तेलाचा कॅन. क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंमी, १ मिमीला ७.८५ मिली, कॅन भरायला सहाशे मिमीच्या वर पाऊस लागेल. कॅन साबणाने नीट धुवा, नाहीतर तेलाचा तवंग मोजपात्राला चिकटतो. नरसाळं आणि कॅनच्या तोंडातली फट मेणाने बंद करा, कॅन अर्धा जमिनीत पुरा आणि नरसाळ्याची कड आडवी आहे का ते तुमच्या गवंडीदादांच्या नळीने तपासा.